शारदानगरचा भाव कोणी पाडला

शेवरी नावाचं एक गाव होतं. जवळचं शहर वाढत वाढत एक दिवस या गावाच्या शिवेला येऊन टेकलं. मग जिथे द्राक्षाच्या बागा होत्या तिथे प्लॉट पडले, प्लॉटवर बंगले उठले आणि बंगल्यांच्या रांगांना नावं मिळाली. त्यातल्या एका वसाहतीचं नाव होतं शारदानगर. तिथे चाळीस बंगले होते. मुरलीधर अमृतकर नावाचे भांड्यांचे एक व्यापारी तिथले अध्यक्ष होते.

अमृतकर शेठ माणूस सरळ. पातेल्याला पोचा असला तर ते गिऱ्हाइकाला आधी दाखवत, मग किंमत सांगत. कॉलनीत पाण्याची लाइन त्यांनी आणली, रस्ता त्यांनी करून घेतला, रस्त्याकडेची बकुळीची झाडंही त्यांनीच लावली. त्यामुळे दर निवडणुकीला कुणी दुसरं नाव सुचवतच नसे. शेठ म्हणतील तिथे लोक सही करत. कागद वाचायची गरज कुणाला वाटत नसे.

शेठना एकाच गोष्टीचा मोठा अभिमान होता. तो म्हणजे आपला बंगला. बावन्नाव्या वर्षी त्यांनी तो बांधला होता. आधीची सगळी वर्षं दुकानाच्या माळ्यावर काढली होती. आता बंगल्याला साठ लाख येतात असं कुणी म्हटलं की त्यांना वाटे, आपल्या सगळ्या कष्टांना कुणीतरी शाबासकी दिली.

शारदानगरला लागून एका बंद पडलेल्या वीटभट्टीची जागा होती. जागा नगरपालिकेची. तिथे घाणेरी आणि काटेरी बाभूळ माजली होती. एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला नगरपालिकेनं जाहीर केलं की त्या जागेवर दोनशे घरकुलं बांधायची. प्रत्येकी एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणी. ज्यांची कमाई थोडी आहे आणि ज्यांना स्वतःचं घर नाही, अशांना ती सोडत काढून द्यायची. कुणाला हरकत असेल तर त्यानं तीन महिन्यांनी होणाऱ्या सुनावणीत सांगावी.

त्याच रविवारी शारदानगरची बैठक बसली.

"दोनशे घरं म्हणजे हजार माणसं," उपाध्यक्ष पाठारे म्हणाले. ते निवृत्त इंजिनिअर होते आणि प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडून बोलत. "वाळत घातलेले कपडे, रिक्षांची रांग, दिवसभर गलका. कोण घेईल मग आपली घरं?"

"भाव निम्म्यावर येईल," कुणीतरी मागून म्हणालं.

निम्मा हा शब्द शेठच्या छातीत जाऊन बसला. ते उठून उभे राहिले. "गरिबांशी माझं काही वाकडं नाही," ते म्हणाले. "त्यांनाही घर मिळावं. पण ते इथेच का? आपण आयुष्यभराची कमाई या भिंतींत घातली आहे. ती राखायची तर गप्प बसून चालणार नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हरकतीच्या अर्जावर चाळीसपैकी अडतीस घरांनी सह्या केल्या. शिवाय कॉलनीच्या तोंडाशी आणि मोठ्या रस्त्याच्या कडेनं बोर्ड लावायचे ठरले. मजकूर शेठनी स्वतः लिहिला.

बोर्ड रंगवायला निवृत्ती पेंटरला बोलावलं. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. शेठच्या दुकानाची पाटीसुद्धा त्यानंच रंगवली होती. तो जुन्या गावात पत्र्याच्या एका भाड्याच्या खोलीत बायको, दोन मुली आणि म्हाताऱ्या आईबरोबर राहत असे. त्यानं कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचला.

"घरकुल वसाहत आली, आमची घरं मातीमोल झाली. शारदानगर वाचवा."

"अक्षरं लांबून वाचता आली पाहिजेत," शेठ म्हणाले. "लाल रंगात कर."

"करतो." निवृत्तीनं कागदाची घडी घातली. पण तो जागचा हलला नाही. "शेठ, सोडतीसाठी मीही अर्ज भरलाय. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

शेठ अवघडले. "तुझ्याबद्दल नाही रे हे. तू तर आपला माणूस आहेस."

"माझं राहू द्या. काम आहे, मी करणार. मजकूर तुमचा, रंग माझा. पण एक विचारू? हे वाचून पळणार कोण? आम्ही तर पळणार नाही, आम्हाला घर हवंय. नगरपालिका पळणार नाही. पळेल तो तुमच्या कॉलनीत घर घ्यायला आलेला माणूस."

शेठना हे बोलणं आवडलं नाही. "तू रंगाचं बघ," ते म्हणाले.

निवृत्तीनं सात बोर्ड रंगवले. अक्षरं सुरेख होती आणि पार हमरस्त्यावरून वाचता येत होती. एका स्थानिक वर्तमानपत्रानं त्यांचा फोटो छापला. तो अंक शेठनी दुकानात गल्ल्याशेजारी ठेवला आणि आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला.

शेठच्या समोरच्या बंगल्यात कुमुदताई बेंडाळे राहत. तीस वर्षं त्या नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. यजमान वारले, एकुलती मुलगी सुरतेला. गुडघे जिना चढू देईनात, तेव्हा मुलगी म्हणाली, आता इकडेच या. घर विकायचं, सुरतेला मुलीच्या इमारतीत खालच्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट घ्यायचा आणि उरलेल्या पैशांच्या व्याजावर राहायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी लोहकरे नावाच्या एजंटला सांगितलं. लोहकरे म्हणाला, "साठ लाख डोळे मिटून येतील, ताई."

पहिलं गिऱ्हाईक एक बँकेतलं जोडपं होतं. त्यांना घर फार आवडलं. बाईंनी तर तुळस कुठे ठेवायची तेही ठरवलं. जाताना त्यांची गाडी कॉलनीच्या तोंडाशी थांबली. दोघांनी बोर्ड वाचला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाही म्हणून कळवलं.

दुसरं गिऱ्हाईक आत आलंच नाही. बोर्ड वाचून त्यानं गाडी वळवली. तिसऱ्यानं पन्नास लाख देऊ केले आणि वर म्हणाला, "तुमच्याच लोकांनी लिहिलंय, घरं मातीमोल झाली. मी तरी पन्नास देतोय."

ही बातमी कॉलनीत पसरली आणि लोकांची झोप उडाली. चार घरांवर 'विकणे आहे'च्या पाट्या लागल्या. त्या पाट्या पाहून येणारी गिऱ्हाइकं आणखी घासाघीस करू लागली. पगार गुरुजी नावाचे एक निवृत्त शिक्षक शेठकडे आले आणि म्हणाले, "शेठ, खरं सांगा, थांबू की विकू?"

"काही खरं नाही, गुरुजी," शेठ म्हणाले. "अजून खाली जाईल."

गुरुजींनी आठ दिवसांत बेचाळीस लाखांना घर विकलं आणि शेवरीच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले.

शेठना वाईट वाटलं. पण मनाच्या एका कोपऱ्यात, आपण बरोबर होतो, असंही वाटलं. त्यांनी हरकतीच्या अर्जाला पुरवणी जोडली. "घरकुलांच्या नुसत्या बातमीनंच आमच्या घरांचे भाव तिसऱ्या हिश्शानं पडले आहेत," असं त्यात लिहिलं आणि गुरुजींच्या घराचं उदाहरण दिलं.

सुनावणीला पंधरा दिवस उरले असताना एजंट लोहकरे दुकानात आला. चहा पिऊन झाला. दुकानात दुसरं कुणी नाही असं पाहून त्यानं खुर्ची पुढे ओढली.

"शेठ, घरचे म्हणून सांगतो. कुमुदताईंचं घर तुम्ही घेऊन टाका. त्या आता चाळीसलाही देतील. तुमच्या धाकट्या चिरंजीवांना समोरासमोर बंगला होईल."

"पडत्या भावात घेऊन काय करू?" शेठ म्हणाले.

लोहकरे हसला. "पडता कसला? घर तिथेच आहे, जमीन तिथेच आहे. वीटभट्टीवर अजून एक खड्डासुद्धा खणलेला नाही. मग भाव पाडला कुणी? तुमच्या बोर्डांनी. मी अशी तीन गावं पाहिली आहेत. सुनावणी होते, आरडाओरडा थांबतो, बोर्ड उतरतात. वर्षभरात भाव होता तिथे येतो. गाव वाढतंय, शेठ. जागा कुठे आहे? तोवर ज्यानं घेतलं तो शहाणा."

लोहकरे गेला. शेठ गल्ल्यावर बसून राहिले. गिऱ्हाइकानं दोनदा ताटाची किंमत विचारली तेव्हा कुठे ते भानावर आले. तुमच्या बोर्डांनी, हे शब्द त्यांना टोचत होते. पेंटर हेच म्हणाला होता, आणि त्याला त्यांनी गप्प केलं होतं. पण त्याच वेळी त्यांना समोरचा बंगलाही दिसत होता. धाकटा मुलगा सुनेला घेऊन शहरात भाड्यानं राहत होता. चाळीस लाखांत काम झालं तर तो परत आला असता.

दुपारी जेवताना त्यांनी ही गोष्ट बायकोला, रत्नप्रभाबाईंना, सांगितली.

"घ्यायचं तर घ्या," त्या म्हणाल्या. "पण ताईंना सांगून घ्या."

"काय सांगून?"

"हेच, की भाव वर्षभरात परत येणार आहे."

"असं सांगितलं तर त्या विकतील कशाला?"

"तेच म्हणते मी," रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ताटात भाकरी वाढली. "दुकानात पातेल्याचा पोचा दाखवता ना? मग इथेही दाखवा."

शेठ जेवण उरकून दुकानात गेले. दोन दिवस ते स्वतःशीच वाद घालत राहिले. मी नाही घेतलं तर दुसरा कुणी घेईल, असं ते मनाला सांगत. ताईंना तरी लवकर पैसे मोकळे होतील, असंही सांगत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेला सदरा घालून समोर गेले. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं.

कुमुदताई पुढच्या खोलीत खाली बसून स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. गुडघ्याखाली उशी होती.

"या शेठ. लोहकरे बोलला मला, तुम्ही घेताय म्हणून." त्यांचा चेहरा खुलला होता. "मी काल महिनाभरात पहिल्यांदा नीट झोपले बघा. परक्याशी घासाघीस करायची म्हणजे मला जमत नाही. तुम्ही घेताय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. तुम्ही म्हणाल तो आकडा."

शेठ समोर खुर्चीत टेकले.

"सुरतेचा फ्लॅट आता नाही जमायचा," कुमुदताई डबा गुंडाळत म्हणाल्या. "मुलगी म्हणते, आमच्याच हॉलमध्ये राहा. जावई चांगले आहेत. पण त्यांच्या हॉलमध्ये मी किती दिवस राहणार? असो. त्या घरकुलवाल्यांचाही मला राग येत नाही. त्यांच्या कितीतरी पोरांना मी डोस पाजलेत. एवढंच वाटतं, चार महिने उशिरा आले असते तर बरं झालं असतं."

शेठना वाटलं, आपण गप्प बसलो तर हे असंच राहील. ताई हॉलमध्ये राहतील, आपला मुलगा या घरात राहील आणि दोष त्या लोकांच्या डोक्यावर राहील. कुणालाही कळणार नाही. आपल्याला मात्र रोज खिडकीतून हे घर दिसेल.

"ताई," ते म्हणाले, "त्यांच्यामुळे भाव पडला नाही. ते अजून आलेलेच नाहीत. भाव माझ्यामुळे पडला. घर मातीमोल झालं असं मीच लिहून रस्त्यावर लावलं. लोकांनी ते खरं मानलं."

कुमुदताईंचे हात थांबले.

"बोर्ड लावताना मला विचारलंत?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण बदलला. "अर्जावर माझी सही घेतलीत. वाचूनसुद्धा दाखवला नाहीत. शेठनी आणलाय म्हणून मी सही केली. माझ्या घराबद्दल तुम्ही गावाला सांगत सुटलात आणि मी इथे बसून दुसऱ्यांना दोष देतेय."

"चुकलं माझं."

"चुकलं हे मला सांगून काय होणार? मी तर घर विकलं की निघाले. ज्यांनी ज्यांनी तो बोर्ड वाचला त्यांना सांगा."

"सांगतो," शेठ म्हणाले. "तुम्ही आत्ता विकू नका. दिवाळीपर्यंत चांगलं गिऱ्हाईक आलं नाही तर मी घेईन, पण साठ लाखांनाच. गोदाम विकून घेईन."

त्या दिवशी भर दुपारी शेठनी दुकानातून शिडी मागवली आणि सातही बोर्ड स्वतःच्या हातानं उतरवले. पाठारे छत्री घेऊन धावत आले.

"हे काय चालवलंय?"

"नुकसान थांबवतोय," शेठ शिडीवरून म्हणाले.

"अहो, सुनावणी तोंडावर आली आहे! आपला सगळा मुद्दा भाव पडल्याचा आहे. भाव पडलाय म्हणूनच आपण जिंकणार आहोत."

"पाठारे, आपण जिंकण्यासाठी भाव पाडतोय का भाव राखण्यासाठी जिंकतोय, ते एकदा ठरवा."

पाठारे पाय आपटत परत गेले. संध्याकाळपर्यंत कॉलनीत कुजबुज झाली की शेठ फिरले. कुणी म्हणालं, त्यांना पालिकेत काहीतरी हवंय. कुणी म्हणालं, त्यांना पैसे मिळाले.

सुनावणीच्या दिवशी नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. एका बाजूला शारदानगरचे लोक, दुसऱ्या बाजूला घरकुलांसाठी अर्ज केलेले. त्यांच्यात निवृत्ती पेंटर होता, पोळ्या करून विकणाऱ्या हिराबाई होत्या, दवाखान्यातला कंपाउंडर होता. मुख्याधिकारी मॅडमनी अर्ज वाचला आणि विचारलं, "हरकत घेणारे अध्यक्ष कोण?"

शेठ उभे राहिले.

"हा अर्ज मी लिहिला," ते म्हणाले. "घरकुलांमुळे भाव पडला, असं त्यात आहे. ते खोटं आहे. घरकुलं झालेलीच नाहीत. भाव आमच्या बोर्डांमुळे पडला आणि बोर्ड माझे होते. एका गुरुजींनी माझं ऐकून घर कमी पैशांत विकलं. त्यांचंच उदाहरण मी पुरावा म्हणून जोडलं. ते मी मागे घेतो."

शारदानगरच्या बाजूनं ओरडा झाला. "हे आमचे अध्यक्ष नाहीत!" पाठारे उठून म्हणाले.

"आता नाही," शेठ म्हणाले. "राजीनामा खिशात आहे. बाकीच्यांची हरकत असेल तर ती त्यांनी वेगळी मांडावी."

मॅडमनी सगळ्यांना शांत केलं. "म्हणजे तुमचं काहीच म्हणणं नाही?"

"आहे. घरं बांधायची तर नीट बांधा. भट्टीची जागा खोलगट आहे, पावसाचं पाणी तिथे तुंबतं. आधी नाली करा. दोनशे घरांना पाण्याची वेगळी टाकी द्या, म्हणजे त्यांनाही पुरेल आणि आम्हालाही. कचऱ्याची गाडी रोज येऊ द्या. जागा खराब होते ती या गोष्टी केल्या नाहीत म्हणून. माणसं थोड्या पैशांची आहेत म्हणून होत नाही."

दुसऱ्या बाजूनं कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या लोकांना अजून खात्री वाटत नव्हती. फक्त हिराबाई शेजारणीला म्हणाल्या, "नालीचं बरोबर बोलला माणूस."

पाठारेंनी वेगळी हरकत मांडली. पण भाव पडल्याचा मुद्दा गेल्यावर तिच्यात फारसं काही उरलं नाही. घरकुलं मंजूर झाली. नाली आणि टाकीही मंजूर झाली.

पुढचे महिने शेठना सोपे गेले नाहीत. कॉलनीच्या गणपतीला त्यांना कुणी आरतीला बोलावलं नाही. फिरायला जाताना समोरून येणारे दोघेचौघे रस्त्याची दुसरी बाजू धरत. शेठना त्याचा त्रास होई. पण खिडकीतून समोरचं घर दिसलं की तो त्रास कमी वाटे.

श्रावणात सोडत निघाली आणि नावांची यादी नगरपालिकेच्या भिंतीवर लागली. हिराबाईंना घर लागलं. कंपाउंडरला लागलं. निवृत्ती पेंटरचं नाव प्रतीक्षा यादीत गेलं.

दसऱ्याच्या सुमारास खैरनार नावाचं एक शिक्षक जोडपं कुमुदताईंचं घर पाहायला आलं. शेठही तिथे होते. ताईंनीच त्यांना बोलावलं होतं. घर पाहून झाल्यावर खैरनार सर जरा घुटमळले. मग त्यांनी विचारलंच, "शेजारच्या जागेत कसले लोक येणार आहेत म्हणे?"

शेठनी खाली पाहिलं. कुमुदताई मात्र सहज म्हणाल्या, "दोनशे कुटुंबं येणार आहेत. सगळी नाही, पण ओळखीची सांगते. हिराबाई मोरे आहेत, त्यांच्या पोळ्या तुम्ही एकदा खाल्ल्यात की घरी पोळपाट काढणार नाही. वाळू गांगुर्डे दवाखान्यात कंपाउंडर आहे, वेळीअवेळी हाक मारली तर येतो. नळाचा वॉल्व्ह सोडणारा सुकदेव आहे. तुमच्या नळाला पाणी येतं ते त्याच्यामुळे. दोघंतिघं दारूही पितात, त्यांचीही नावं सांगू शकते. पण तसे दोघंतिघं शारदानगरातही आहेत."

खैरनार बाई हसल्या. सरांनी विचारलं, "तुम्ही त्यांच्यामुळेच तर घर विकत नाही ना?"

"माझ्या गुडघ्यांमुळे विकतेय," ताई म्हणाल्या.

व्यवहार सत्तावन्न लाखांना ठरला. सुरतेचा छोटा फ्लॅट त्यात बसत होता. पाहुणे गेल्यावर शेठ म्हणाले, "ताई, तीन लाख कमी आले. ते मी देणार."

"नको," कुमुदताई म्हणाल्या.

"माझ्यामुळे कमी आलेत."

"म्हणूनच नको. ते घेतले तर तुम्ही मोकळे व्हाल. मला तुम्हाला मोकळं सोडायचं नाही. तुम्ही नाली मागितलीत, टाकी मागितलीत. कंत्राटदार ती नीट करेपर्यंत तिथे लक्ष ठेवा. नाहीतर खोलगट जागेत घरं बांधून सगळे निघून जातील आणि पाणी त्या लोकांच्या चुलीत शिरेल."

शेठनी मान हलवली. दिवाळीनंतर ताई सुरतेला गेल्या.

काम दोन वर्षं चाललं. शेठ रोज सकाळी दुकान उघडण्याआधी भट्टीच्या जागेवर जाऊन उभे राहत. नालीचा उतार उलटा जातोय हे त्यांनीच दाखवलं. टाकीच्या सिमेंटवर कंत्राटदार पाणी मारत नव्हता, तेव्हा त्यांनी पालिकेत तीन वेळा जाऊन तक्रार केली. कंत्राटदार वैतागून म्हणाला, "तुमचं घर आहे का हे?" शेठ म्हणाले, "शेजारचं आहे."

घरकुलांत लोक राहायला आले. वीस जणांचे कागद अपुरे निघाले म्हणून यादी पुढे सरकली आणि निवृत्ती पेंटरलाही घर मिळालं. कपडे वाळत पडले, रिक्षा लागल्या, गलकाही झाला. पावसाळ्यात पाणी मात्र कुठेच तुंबलं नाही. शेवरी वाढत राहिलं, तसे शारदानगरचे भावही वाढत राहिले. बोर्ड उतरल्यावर वर्षभरातच ते होते तिथे आले होते आणि पुढे त्याच्याही वर गेले. पाठारेंनी आपलं घर पासष्ट लाखांच्या खाली विकणार नाही असं सांगून टाकलं.

एक दिवस बाजारात शेठना पगार गुरुजी भेटले. गुरुजी अजून भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. आलेले पैसे त्यांनी बँकेत ठेवले होते. आता त्या पैशांत शारदानगरात काय, गावाबाहेरही बंगला मिळत नव्हता. शेठ त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"गुरुजी, तुमचं नुकसान मी केलं. सांगाल ते करतो."

गुरुजींनी भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ते रागावले नाहीत.

"शेठ, तुम्ही सांगितलंत म्हणून मी विकलं," ते म्हणाले. "पुढे तुम्हीच खरं सांगितलंत म्हणून बाकीच्यांनी विकलं नाही. चांगलं केलंत. फक्त माझ्यासाठी तुम्हाला एक महिना उशीर झाला."

आणि ते भाजीच्या पुढच्या गाडीकडे वळले.

तात्पर्य: ज्यांना आपण अजून पाहिलंही नाही अशा शेजाऱ्यांची भीती जगाला घातली, तर पहिलं नुकसान आपल्याच वसाहतीचं होतं. चूक कळली की ती त्याच दिवशी चारचौघांत कबूल करावी. जेवढा उशीर होतो, तेवढं कुणाचं तरी नुकसान कायमचं होऊन बसतं.